महापुरानंतर पहिली मॅरेथॉन: हिग्डन यांचा ‘नोव्हिस १’ आराखडा कितपत कामाचा?

पहिल्यांदा ४२.१९५ किलोमीटर पळणारे बहुतेक जण कुठून ना कुठून अमेरिकन धावपटू-लेखक हॅल हिग्डन यांच्या ‘नोव्हिस १’ या नवशिक्यांसाठीच्या सराव-तक्त्यापाशी येतात. तक्ता इंटरनेटवर फुकट मिळतो, अठरा आठवड्यांचा आहे आणि एका पानावर मावतो. पण तो आखलाय घर, रस्ता, नळ आणि झोप जागेवर असलेल्या माणसासाठी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत यातलं काहीच जागेवर नव्हतं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. उपसा केंद्रं बुडाल्याने नळ बंद, शिरोलीजवळ महामार्ग बंद. मुंबई मॅरेथॉन होती १९ जानेवारी २०२० ला, म्हणजे अठरा आठवडे मागे मोजले तर सराव सोमवार, १६ सप्टेंबरला सुरू. पाणी ओसरून जेमतेम महिना झालेला. अशा माणसाच्या हातात हा तक्ता दिला तर काय होईल, एवढ्याच कसोटीवर हे परीक्षण आहे.

आधी एक सावधगिरी: आकडे मैलांत आहेत. पहिल्या शनिवारचे ६ म्हणजे ९.७ किलोमीटर. ६ किलोमीटर समजून सुरुवात केली आणि चूक चौथ्या-पाचव्या आठवड्यात लक्षात आली की तक्ता अचानक अवघड वाटतो आणि दोष पायांना दिला जातो.

रचना साधी आहे. सोमवार-शुक्रवार विश्रांती, मंगळवार-बुधवार-गुरुवार पळणं, शनिवारी लांब पल्ला, रविवारी सायकल, पोहणं किंवा चालणं. पहिल्या आठवड्यात मंगळवार ते गुरुवार ३-३-३ मैल आणि शनिवारी ६, म्हणजे एकूण २४ किलोमीटर. पंधराव्या आठवड्यात ५-१०-५ आणि शनिवारी २० मैल, म्हणजे ६४ किलोमीटर. त्यानंतर तीन आठवडे उतरण. ज्यांना रविवारीच सुट्टी असते त्यांनी शनिवार-रविवार अदलाबदल करावी, काही बिघडत नाही.

तक्त्याची खरी ताकद आपत्तीतच कळते. आठवड्याचे चारही दिवस सारख्या किमतीचे नाहीत. बुधवार आणि शनिवार हा कणा आहे, तेच दोन दिवस ३ वरून १० आणि ६ वरून २० मैलांपर्यंत चढतात. मंगळवार-गुरुवार अठरा आठवड्यांत ३ वरून फार तर ५ वर जातात. त्यामुळे पंचनाम्यासाठी तलाठ्याची वाट बघण्यात मंगळवार गेला, गुरुवारी टँकर आला म्हणून घरीच थांबावं लागलं, तरी कणा शाबूत राहतो. रोज वेगवेगळा वेग आणि वेगवेगळं अंतर सांगणाऱ्या भारी आराखड्यांना ही सवलत परवडत नाही. शिवाय यात वेगाचा हट्ट नाही. लांब पल्ला मॅरेथॉनच्या अपेक्षित वेगापेक्षा मैलामागे ३० ते ९० सेकंद सावकाश, म्हणजे किलोमीटरला साधारण २० ते ५५ सेकंद, आणि मध्ये चाललं तरी चालतं. घड्याळ पुरात गेलं असलं तरी बोलता बोलता पळता येतं का, एवढं पाहिलं की पुरे.

घरातला गाळ काढणं हा व्यायामच धरायचा. फावड्याने चिखल ओढणं आणि भिजलेल्या गाद्या उचलणं यात कंबर, मांडीचा मागचा भाग आणि पोटऱ्या इतक्या थकतात की त्याच संध्याकाळी पळणं म्हणजे दुखापतीला आमंत्रण. चार तासांहून जास्त साफसफाई झाली तर मंगळवार किंवा गुरुवार सरळ खोडा. बुधवार असेल आणि रात्री सहा तास झोप झाली असेल तर अर्ध्या अंतरापुरतं पळा. बुधवारचं अंतर सकाळ-संध्याकाळ विभागलं तरी चालतं, शनिवारचं विभागू नका. सलग तीन-चार तास पायांवर राहण्याची सवय तुकड्यांनी लागत नाही.

आता उणीव, आणि ती मोठी आहे. सराव सुटला तर परत कुठून सुरू करायचं, हे तक्ता सांगत नाही. रकाना रिकामा राहिला की लोक एकतर पुढच्या रकान्यात उडी मारतात किंवा सुटलेले किलोमीटर पुढच्या आठवड्यात कोंबतात. दोन्हींत नडगी आणि टाच आधी बोलायला लागतात. दम लवकर परत येतो, स्नायूबंध आणि हाडं सावकाश येतात. फुप्फुसं ‘हो’ म्हणतात म्हणून पाय तयार असतातच असं नाही. आमचा हिशेब असा: सात दिवसांपर्यंत खंड पडला तर सुटलेलं सोडून द्या आणि तक्ता चालू ठेवा, फक्त पहिला लांब पल्ला तीन-चार किलोमीटरने कमी करा. दोन आठवडे गेले तर तक्त्यात दोन आठवडे मागे जा. तीन आठवड्यांहून जास्त गेले आणि शर्यतीला बारा आठवड्यांपेक्षा कमी उरले असतील, तर त्या वर्षी अर्धमॅरेथॉन पळा. हे कठोर वाटेल, पण ३० किलोमीटरच्या पुढे पोटऱ्यांत गोळे आलेला माणूस पाहिला की पटतं.

मागे जायला आठवडे मिळतील कुठून, हा प्रश्न उरतोच. म्हणून १६ सप्टेंबरपर्यंत थांबू नका. पाणी ओसरल्यावरचे चार आठवडे पाया घालायला घ्या. पहिल्या आठवड्यात फक्त ३० मिनिटं चालणं. दुसऱ्यात एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, दहा वेळा. तिसऱ्यात हेच प्रमाण उलटं. चौथ्यात सावकाश ५ आणि मग ८ किलोमीटर. पहिल्याच शनिवारी ९.७ किलोमीटर मागणाऱ्या तक्त्याला एवढी तयारी लागतेच.

दुसरी अडचण आठव्या आठवड्याची. तिथे तक्ता अर्धमॅरेथॉन धरतो. ती पळालात तर लांब पल्ले १२, १३.१, १०, १५ मैल असे नीट चढतात. पूरग्रस्त जिल्ह्यात त्या सुमारास शर्यत असेलच असं नाही. ती गाळली तर १२, काहीच नाही, १० आणि एकदम १५ अशी उडी पडते. शर्यत नसेल तर त्या रविवारी एकट्याने २१ किलोमीटर सावकाश पूर्ण करा. तेही परतीच्या पावसात बुडालं, तर नवव्या आठवड्यात १० ऐवजी १२ आणि दहाव्यात १५ ऐवजी १३ मैल ठेवा. अकराव्याचे १६ मैलही १५ करा.

बुटांबद्दल तक्त्यात अवाक्षर नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. पुराच्या पाण्यात बुडालेले बूट बहुतेक वेळा वाचत नाहीत. आतला पातळ तळवा काढून पाहा: खाली बारीक गाळाचा थर बसलेला असतो, बोटाने पुसला तर सिमेंटच्या धुळीसारखा निघतो. फोम आणि रबर जिथे जोडलेत त्या रेषेत अंगठ्याचं नख घाला. फट उघडत असेल तर डिंक सुटलाय, तो बूट पळायचा राहिला नाही. सांडपाणी शिरलं असेल तर फेकूनच द्या. नुसते पावसात भिजले असतील तर तळवा वेगळा करून वर्तमानपत्राचे बोळे भरा, दर दोन-तीन तासांनी बदला आणि सावलीत वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवले की डिंक मऊ पडतो. नवे घेणार असाल तर दहाव्या आठवड्याच्या आत घ्या, म्हणजे सगळे मोठे पल्ले त्यातच होतील.

ओल्या चिखलात उभं राहून करंगळी आणि शेजारच्या बोटामध्ये चिखल्या होतात. पांढरी, सुरकुतलेली कातडी सुटली की दहाव्या किलोमीटरला पाय टाकवत नाही. रोज साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, बुरशीवरचं मलम लावा, मोज्यांचे दोन जोड ठेवा. पायाला चीर असताना पुराच्या पाण्यातून जाऊच नका, अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा (लेप्टोचा) धोका खरा आहे. त्यासाठी डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिलं असेल तर त्या काळात कातडी उन्हाने लवकर भाजते, तेव्हा पळणं सूर्योदयाआधी उरका. गोळी भरपूर पाण्यासोबत घ्या आणि घेऊन लगेच आडवे होऊ नका. ताप, पिंढऱ्यांत जबर दुखणं, लाल डोळे असं काही दिसलं तर सराव बंद आणि थेट दवाखाना.

गाळ वाळल्यावर रस्त्यावर जी धूळ उठते तीही त्रासाची. पहाटे दव असताना ती बसलेली असते, पण पहाटे उघडी गटारं दिसत नाहीत. त्यामुळे अनोळखी लांब रस्त्यापेक्षा दिवसा तपासलेल्या दोन किलोमीटरच्या फेऱ्या बऱ्या. शिवाजी विद्यापीठाचा उंच परिसर यासाठी उत्तम. चढ हवा असेल तर जोतिबाचा रस्ता आहे, पण तो नोव्हेंबरनंतर.

चढ हवाच. २०२० च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पाय संपलेले असताना पुन्हा भेटत होता, आणि पाच तासांहून जास्त घेणाऱ्यांना तो उन्हात चढावा लागत होता. तक्त्यात चढाचं नाव नाही. बाराव्या आठवड्यापासून बुधवारच्या पळण्यात पाच-सहा चढ घाला.

पाणी उकळलेलंच न्या. दीड तासापेक्षा जास्त पळायचं असेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ पुरतं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात: एक मध्यम केळं आणि सुपारीएवढा गुळाचा खडा यात ३० च्या आसपास होतात. तहान नसताना साधं पाणी ढोसत राहू नका, रक्तातलं मीठ उतरतं.

पाचपैकी साडेतीन. मोडलेल्या आठवड्यांत टिकतो म्हणून तीन, फुकट आणि एका पानात मावतो म्हणून अर्धा. परतीची वाट दिली असती तर साडेचार दिले असते. तक्ता छापून घ्या, मैलांशेजारी पेनाने किलोमीटर लिहा आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून भिंतीवर उंच लावा.