दोन डोळ्यांचे दोन नंबर: अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी (टांगतं छत) बांधून झाल्यावर आमची आठ वर्षांची मुलगी तिच्याखाली उताणी पडून एकेक डोळा झाकत होती. उजवा झाकला आणि म्हणाली, "आई, सुपाऱ्या दिसतच नाहीत." शाळेतल्या तपासणीत दोन्ही डोळे उघडे ठेवूनच अक्षरं वाचून घेतली होती. उजव्याने सगळं वाचलं, डाव्याचं कुणाला कळलंच नाही.

डिचोलीहून आधी एका चष्म्याच्या दुकानात गेलो. "एवढा फरक मुलांना झेपत नाही" म्हणून दुकानदाराने डाव्याला मुद्दाम कमी नंबर दिला. दीड महिना त्यात गेला, याचं मला अजून वाईट वाटतं. पणजीच्या डॉक्टरांनी थेंब घालून तपासलं: उजवा उणे ०.७५, डावा उणे ३.५०. पूर्ण नंबर लावूनही डावा ६/१८ वर अडला, म्हणजे निरोगी डोळा अठरा मीटरवरून वाचतो ते त्याला सहा मीटरवरून दिसतं. धूसर चित्र मेंदू बाजूला टाकतो, म्हणून तो डोळा आळशी झाला होता. डोळ्याची लांबीही मोजली, उजवा २३.४ मिलिमीटर, डावा २४.५. एका मिलिमीटरमागे साधारण अडीच-तीन नंबर वाढतो, म्हणजे सगळा फरक त्या लांबीतच होता.

आम्ही नंबर वाढण्याचा वेग कमी करणारी भिंगं घेतली. मधल्या गोलात नेहमीचा नंबर, भोवती मधमाशीच्या पोळ्यासारखी शेकडो बारीक भिंगं. हाँगकाँगच्या दोन वर्षांच्या चाचणीत या भिंगांनी नंबरवाढ निम्म्याने कमी झाली होती. महाग आहेत, साध्या चष्म्याच्या कितीतरी पट. पहिले चार दिवस पायरी उतरताना ती कठडा धरायची, कडेचं धूसर दिसतं म्हणायची. पाचव्या दिवसापासून तक्रार नाही.

नुसत्या चष्म्यानेच चार महिन्यांत डावा ६/१२ वर आला. मग उजव्यावर रोज दोन तास पट्टी. "चांगला डोळा का झाकता गो?" सासूबाई कळवळून विचारायच्या. पोरीने स्वतः समजावलं, "आजी, हा झाकला तरच तो काम करतो." पावसाळ्यात घामाने पट्टी सुटायची, कातडी लाल व्हायची. शाळेत लावणं बंद केलं, संध्याकाळी चित्रं काढताना लावतो. तेव्हापासून एकही दिवस चुकलेला नाही.

परवाची तपासणी: डावा ६/९, नंबर उणे ३.७५, लांबी २४.६. उजवा उणे १.००. दोन्ही फक्त पाव नंबराने वाढले, म्हणून नंबरवाढ मंदावणारे अॅट्रोपिनचे थेंब तूर्त नाहीत. फ्रेम मात्र सतत घसरते आणि पोर भिंगाच्या वरून बघते, मग त्या महागड्या भिंगाचा उपयोग काय? दर महिन्याला आवळून आणते. मुलांचा एकेक डोळा झाकून घरीच बघा, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.