सदरच्या भट्टीवर नाताळचा केक: तीन वर्षांचा अनुभव

डिसेंबर लागला की शाळेतल्या दोघी-तिघी तरी विचारतात, "तुमच्याकडचा केक कुठून आणता?" आणत नाही. घरी फेटते आणि नागपुरात सदरला एका जुन्या, लाकडावर चालणाऱ्या भट्टीत भाजून घेते. मग पुढचे प्रश्न सुरू होतात: किती घेतात, डबे कोणाचे, नंबर कधी लावायचा. तीन नाताळ तिथे जाते आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

बेकरीचं नाव देत नाही, कारण भट्टीवाल्या चाचांनीच नको म्हटलं. भट्टी एक, माणसं चार, आणि 20 डिसेंबरनंतर दारात उभं राहायला जागा नसते. सदरमध्ये कोणाही जुन्या माणसाला विचारा, गल्ली दाखवतील.

पद्धत दिवाळीतल्या नानकटाईसारखीच. साहित्य आपलं, भट्टी त्यांची. केकचं मिश्रण घरून फेटून न्यायचं, तिथे डब्यात ओतायचं आणि दोन-तीन तासांनी केक घेऊन यायचं. मागच्या डिसेंबरात किलोला 100 रुपये घेतले. त्यांचे डबे हवे असतील तर थोडी अनामत ठेवावी लागते.

आमच्याकडे विकतचा केक का चालत नाही, ते सांगितल्याशिवाय या भट्टीची किंमत कळायची नाही. माझं माहेर नगरचं. तिथे 1831 साली अमेरिकन मराठी मिशन आलं, तेव्हापासून मराठी ख्रिस्ती वस्ती आहे. आमचा नाताळ म्हणजे फराळ. करंज्या, अनारसे, चकल्या, शंकरपाळे. दिवाळीत शेजारून ताट यायचं आणि नाताळात आमच्याकडून तसंच ताट भरून जायचं. केक माहेरी कधी झालाच नाही. सासर अजनीचं. सासरे रेल्वेत होते, क्वार्टरला लागून एक अँग्लो-इंडियन कुटुंब राहायचं. सासूबाई केक, कलकल (शिंपल्यांसारखे तळलेले गोड तुकडे), रोज कुकी सगळं त्या शेजारणीच्या ओट्यापाशी उभ्या राहून शिकल्या. आणि सून आली केरळातल्या कोट्टयमची. तिच्याकडे 1 डिसेंबरपासून 25 दिवसांचा उपास असतो. मटण, मासे, अंडी काही नाही. नाताळच्या सकाळी प्रार्थनेहून आलं की अप्पम आणि नारळाच्या दुधातला इश्टू खाऊन तो सुटतो.

तिच्या पहिल्या नाताळातली एक गोष्ट. सासूबाईंनी माळ्यावरून रोज कुकीचा साचा काढला. लांब दांडा, टोकाला लोखंडी फूल, वर्षभराच्या तेलाने काळंभोर झालेलं. सुनेने ते बघितलं आणि एकदम म्हणाली, "अम्मच्ची (म्हणजे आजी), हा तर आमचा अचप्पमचा साचा!" सासूबाई मैद्यात अंडं घालतात, सुनेकडे तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध. बाकी सगळं तेच. साचा आधी गरम तेलात धरायचा, मग पिठात पाऊण उंचीपर्यंतच बुडवायचा, कारण फूल पूर्ण बुडलं की पीठ वरून बंद होतं आणि पाकळी सुटत नाही. पुन्हा तेलात नेऊन हलकेच झटका दिला की फूल मोकळं होऊन तरंगतं. त्या दिवशी दोघींनी आळीपाळीने दोन्ही केले. तेव्हापासून दोन्ही होतात, आणि सासूबाईंना सून अम्मच्चीच म्हणते.

केक मात्र एकच, सासूबाईंचा. त्यात सगळ्यात मोठं काम संत्र्याच्या सालीचं. आंबिया बहाराची संत्री नोव्हेंबरपासून बाजारात असतात. घरात खाल्लेल्या प्रत्येक संत्र्याची साल जमा करायची. आतली पांढरी जाळी चमच्याने खरवडायची, साल तीनदा उकळून दर वेळी पाणी टाकून द्यायचं, नाहीतर केक कडू होतो. मग बारीक चिरून साखरेच्या पाकात मुरवायची. मनुका, खजूर, काजू दारूत भिजवण्याची पद्धत आहे, पण आमच्याकडे बाटली येत नाही. सासूबाईंनी पहिल्यापासून संत्र्याच्या रसात भिजवलं, आणि मला तेच बरोबर वाटतं. केरळातल्या थलश्शेरीत 1883 साली मांबळ्ळी बापू या बेकरीवाल्यांनी नाताळचा केक केला, तेव्हा बाहेरून ब्रँडी आणण्याऐवजी तिथल्याच काजूच्या बोंडांची दारू वापरली, असं सांगतात. सून ही गोष्ट अगदी अभिमानाने सांगते. तिथे काजूची बोंडं, इथे संत्री.

मिश्रण फेटायच्या दिवशी घरातल्या प्रत्येकाने एकेकदा डाव फिरवायचा, मनात काहीतरी मागायचं. हा इंग्रजांच्या पुडिंगचा रिवाज त्या शेजारणीकडून आमच्याकडे आला आणि राहिला. सुनेचा उपास चालू असतो, म्हणून ती दोन डझन अंडी फेटते पण बोटसुद्धा चाटत नाही. गोड पुरेसं आहे का, जायफळ वर येतंय का, हे मी चाखून सांगते आणि ती वासावरून ठरवते. तिचं नाक माझ्या जिभेपेक्षा पक्कं आहे.

हा केक घरच्या छोट्या ओव्हनमध्ये होत नाही. सुका मेवा भरपूर, म्हणून मिश्रण जड. वरून करपतो, मधे कच्चा राहतो. अजनीकडची सासूबाईंची भट्टी बंद झाल्यावर दोन वर्षं आम्ही असेच केक वाया घालवले. एकदा कंटाळून मॉलमधून इटलीचा पॅनेटोने आणला. मिलानचा हा नाताळचा गोड पाव आहे. भाजल्यावर खाली बसू नये म्हणून तो उलटा टांगून गार करतात. चांगला असेल तर धाग्याधाग्याने सुटतो. आम्हाला मिळालेला जुना, कोरडाठक्क होता, आणि पैसे मात्र चार किलो सुक्या मेव्याचे मोजले. सासूबाईंनी एक तुकडा खाल्ला, बशी बाजूला ठेवली. त्या नाताळला घरात केकचा वासच नव्हता, हे मला फार लागलं.

भट्टीत नेमकं काय वेगळं होतं, ते चाचांनी मला दाखवलं. पहाटे भट्टी कडक तापलेली असते, तेव्हा पाव. पाव निघाला की निखारे बाजूला ओढतात आणि भट्टीच्या तळाच्या फरशा हळूहळू निवू देतात. जाड भिंतींनी धरून ठेवलेली ती उतरती धग केकला हवी असते. खालून, वरून, चारी बाजूंनी सारखी. ते मूठभर मैदा आत फेकतात. लगेच काळा पडला तर म्हणतात, "अभी नहीं बेटी, एक चाय पी के आओ." बदामी व्हायला वेळ लागला की डबे आत. लांब दांड्याच्या फळीवर एकेक डबा ठेवून खोल सरकवतात, आणि मधून मागचे पुढे, पुढचे मागे करतात. शेवटी खराट्याची स्वच्छ काडी प्रत्येक केकच्या मधोमध खुपसून बाहेर काढतात, डोळ्यांपाशी नेतात आणि ओठाला लावून बघतात. आमच्या एका केकची काडी मला कोरडी दिसली होती. त्यांनी मान हलवली, अजून वीस मिनिटं ठेवला. घरी कापला तेव्हा मधला भाग ओलसर होता पण पूर्ण भाजलेला, आणि सालीचे तुकडे काचेसारखे चमकत होते. असा केक मी दुकानात पाहिलेला नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. आम्ही मनीषनगरला राहतो, सदर गाठायला वेळ लागतो, म्हणून बेकिंग पावडर घरून मिसळून नेत नाही. थोड्या मैद्यासोबत पुडीत बांधून नेते आणि त्यांच्या कट्ट्यावर मिसळते. आधी घातली की वाटेतच तिचा जोर जातो. आणि डबा दोन तृतीयांशच भरा. भट्टीत धुराचा वास केकला लागतो का? थोडासा लागतो, आम्हाला आवडतो. ज्यांना पांढरा, हलका स्पंज हवा आहे त्यांनी इथे जाऊ नये.

तक्रारी आहेत. वयस्क माणसाला बसायला साधं स्टूल नाही. सासूबाई 81 वर्षांच्या, त्यांना यायची फार हौस, पण धुरात तासभर उभं राहणं त्यांना जमत नाही. आणि सगळ्यात मोठी तक्रार चिठ्ठ्यांची. डब्याला नावाची कागदी चिठ्ठी चिकटवतात, आणि ती आत गळून पडते किंवा जळते.

दुसऱ्या वर्षी त्यामुळेच आमचा एक डबा बदलला. 24 तारखेच्या रात्री सासूबाईंनी सुरी लावली आणि म्हणाल्या, "हा आपला नाही." वास बडीशेपेचा. मधे पेठ्याचे तुकडे, तुपाचा खमंगपणा. सकाळी भट्टीवर फोन केला, चाचांनी वही शोधून नंबर दिला. ते कुटुंब मोहननगरचं, मूळ अलाहाबादचं. त्यांच्याकडे केकमध्ये पेठा, साजूक तूप, बडीशेप, जायपत्री आणि मुरब्बा घालतात. त्यांनीही आमचा अर्धा केक कापला होता. मी माफी मागायला लागले तर त्या बाई म्हणाल्या, "ये संतरे का छिलका आपने कैसे बनाया, वो बताइए." दुपारी उरलेले अर्धे केक घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो, सोबत माझ्या करंज्या आणि सुनेचे अचप्पम. सासूबाईंनी बडीशेपेचा तुकडा दोनदा मागून घेतला. मागच्या वर्षी त्यांचा एक अख्खा केक आमच्याकडे आला आणि आमचा त्यांच्याकडे गेला.

या भट्टीला पाचपैकी साडेचार. अर्धा चिठ्ठ्यांसाठी कापला आहे, आणि चाचांना ते सांगितलंही आहे. नंबर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच लावून ठेवा. आमचा यंदा 21 तारखेचा आहे, मोहननगरच्या घरासोबतच. चिठ्ठी लावणारच नाही. आमच्या मिश्रणावर मधोमध तीन काजू, त्यांच्यावर एक बदाम.