विमा एजंटने कंपनी बदलताना जुने ग्राहक तिथेच ठेवावेत की सोबत न्यावेत?

आधी जुन्या कंपनीशी केलेला करार काढून ग्राहकांशी संपर्क न करण्याचं कलम वाचा. ग्राहकांची यादी बहुधा कंपनीच्या मालकीची असते. जाताजाता मोबाइलमध्ये उतरवून घेतली, तर वकिलाची नोटीस येऊ शकते.

ग्राहकाचं नुकसान: खरा फरक आयुर्विम्यात. नव्या कंपनीत नेण्यासाठी चार-पाच वर्षांची पॉलिसी मोडली, तर हातात येणारी रक्कम भरलेल्या हप्त्यांपेक्षा कमी असू शकते. नवा हप्ता वाढलेल्या वयावर ठरतो आणि मध्यंतरी मधुमेह निघाला असेल, तर प्रस्ताव फेटाळलाही जातो. मोडायचीच असेल, तर नवी पॉलिसी हाती आल्याशिवाय जुनी बंद करू नये. वाहन विम्यात एवढी गुंतागुंत नाही. मुदत संपताना कंपनी बदलता येते.

कमाई: तिथेच ठेवल्यास नूतनीकरणाचं कमिशन थांबू शकतं, ते करारावर ठरतं. सोबत नेल्यास आयुर्विम्यात पहिल्या वर्षाचं मोठं कमिशन मिळतं. मोह इथेच होतो.

मेहनत: ठेवायच्या पॉलिसींसाठी एक यादी पुरते: पॉलिसी क्रमांक, हप्त्याची तारीख, अडकलेले दावे. न्यायच्या असतील, तर प्रत्येकाचा अर्ज आणि कागदपत्रं नव्याने.

वर्षागणिक नूतनीकरण होणारे आणि स्वतःहून विचारणारे ग्राहक नव्या कंपनीत जाऊ शकतात. जुना आयुर्विमा, आजारपण किंवा चालू दावा असलेल्यांना हलवू नये.