साडेतीन फुटांच्या पट्टीत कोणतं झाड? सायप्रस, मोरपंखी, पोडोकार्पस आणि ख्रिसमस ट्री

आमच्या नेरूळच्या रोहाऊसची भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये साडेतीन फुटांची पट्टी आहे. पलीकडे शेजाऱ्यांच्या किचनचा एक्झॉस्ट. सकाळी त्यांच्याकडे कशाची फोडणी पडली ते आमच्या बेडरूमला आधी कळतं. अशा जागी पसरणारं झाड चालत नाही. सरळ वर जाणारं, बारमाही हिरवं आणि पानांचा फार कचरा न करणारं हवं. आता ठाण्यात कोलशेतला तळमजल्यावर राहायला गेलेला माझा मामेभाऊ विचारतोय, "ताई, फोटोत असतात ना ती पेन्सिलीसारखी झाडं, त्यातली दोन लावू का गेटच्या दोन बाजूंना?" या प्रकारात मी दोनदा पैसे घालवलेत, म्हणून त्याला जरा सविस्तरच सांगितलं.

फोटोतलं ते झाड म्हणजे इटालियन सायप्रस. फारसीत त्याला 'सर्व' म्हणतात. त्याच शब्दाचा आपल्याकडे 'सुरू' झाला आणि किनाऱ्यावरच्या भलत्याच झाडाला जाऊन चिकटला. अलिबागकडचं सुरूचं बन दिसतं सूचिपर्णी, पण ते त्या कुळातलं नाहीच. त्यामुळे नर्सरीत नुसतं 'सुरू द्या' म्हणालात तर भलतंच रोप गाडीत पडेल.

दिसायला सायप्रसच्या जवळपास कोणी येत नाही, हे मान्य. उंची दोन मजले ओलांडते तरी घेर जेमतेम हाताच्या कवेत मावेल एवढाच राहतो. अडचण त्याच्या माहेरची आहे. भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे वर्षाचे साधारण २,५०० मिलीमीटर जून ते सप्टेंबरमध्येच कोसळतात, तेही दमट उकाड्यात. मी जोडी लावली होती फेब्रुवारीत. मे महिन्यापर्यंत झकास. ऑगस्टमध्ये एक किंचित कलल्यासारखं वाटलं, रंग मात्र हिरवागार. काठी लावून बांधलं. गणपती होऊन गेल्यावर खालून करडेपणा चढायला लागला, तेव्हा उपटून पाहिलं तर फारसा जोरही लावावा लागला नाही. बारीक मुळं काळी पडलेली, बोटांत धरून ओढली की साल मोज्यासारखी सुटून यायची आणि आत तारेसारखा गाभा राहायचा. मुळं कुजून गेली होती, वरच्या पानांना पत्ता नव्हता. या जातीच्या झाडांत हीच मोठी फसगत आहे. जास्वंद मान टाकते, पानं पिवळी करते, आपल्याला सांगते तरी. सूचिपर्णी झाड मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवं दिसतं.

दुसरी चूक माझीच. माळीकाकांनी सवयीने छान खोलगट आळं करून दिलं होतं आणि मी ते तसंच ठेवलं. आंब्याला, लिंबाला उन्हाळ्यात आळं ठीक आहे. इथे उलटं करायचं असतं. झाडाची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, जमिनीच्या वर वीतभर राहील असा उंचवटा करून त्यावर ते बसवायचं. येऊरच्या पायथ्याला उतारावर घर असेल, पाणी थांबतच नसेल, तर सायप्रसचा जुगार खेळून बघायला हरकत नाही. वाशी-नेरूळच्या खाडीवर भराव टाकून केलेल्या सपाट प्लॉटवर मी तो पुन्हा खेळणार नाही.

डिसेंबरात नर्सऱ्यांमध्ये पोपटी-सोनेरी, चुरगाळलं की लिंबासारखा वास येणारं टोकदार रोप येतं, गोल्डन सायप्रस म्हणून. ते मूळचं कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या थंड, धुक्याच्या किनाऱ्यावरचं. नाताळपुरतं टेबलावर ठेवायचं असेल तर घ्या. मे महिन्यात ते भेटेल अशी आशा ठेवू नका.

मोरपंखीची गोष्ट वेगळी. शाळेत वहीत ठेवलेली 'विद्या' ती हीच. चीन-कोरियाकडची असल्याने उन्हाळी पाऊस तिला परका नाही, त्यामुळे आपल्या हवेत ती बरीच निभावून नेते. स्वस्त मिळते, ड्रममध्येही वर्षानुवर्षं राहते. पण तिला खांब म्हणू नका. तिचा आकार समईच्या ज्योतीसारखा, खाली फुगीर. साडेतीन फुटांच्या पट्टीत दहा वर्षांनी ती तुमचा जायचा-यायचा रस्ता अडवेल. बुंध्यापासूनच अनेक खोडं निघतात आणि जुलैच्या मुसळधार पावसात पाण्याच्या वजनाने ती छत्रीसारखी उघडतात. मृगाच्या आधी आतल्या खोडांना सैलसर सुतळी बांधून ठेवायची. छाटायची ती फक्त हिरव्या भागात. आतल्या तपकिरी लाकडापर्यंत कात्री गेली की तिथे पुन्हा पालवी फुटत नाही, भोक तसंच राहतं. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात लाल कोळी ही बारीक कीड लागते, तेव्हा दोन दिवसांआड पाइपने फवारा मारून झाड धुवायचं, जमेल तसं आतल्या बाजूनेही.

आता माझ्या पट्टीत जे टिकलंय ते, पोडोकार्पस. नर्सरीत याच नावाने मिळतं. पानं सुईसारखी नाहीत, बोटभर लांब, चपटी, गडद हिरवी. पहिल्यांदा पाहणारा म्हणतो, "हे कसलं सूचिपर्णी?" आहे मात्र त्याच गटातलं. दक्षिण भारताचा एकमेव देशी सूचिपर्णी वृक्ष पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात वाढतो, तो याच्याच कुळातला. बागेत लावतात ती जात जपान आणि चीनच्या दक्षिणेकडची, म्हणजे दमट उन्हाळ्याची सवय असलेली. खाडीवरची खारी हवाही सोसते. कात्री कितीही चालवा, जुन्या लाकडावरही नवी पालवी येते, त्यामुळे घेर दीड-दोन फुटांत धरता येतो. कोवळी पालवी फिकट पोपटी असते, जुन्या गडद पानांवर ती आली की झाडाला कोणी वरून नवा रंग दिल्यासारखं वाटतं.

उणं काय? वेग. वर्षाला जेमतेम फूटभर, कधी तेवढंही नाही. शेजारचा एक्झॉस्ट झाकायला माझी पाच वर्षं गेली. घाई असेल तर सुरुवातीलाच पाच-सहा फुटी रोप घ्या आणि घेताना हुंडी हलवून बघा. खोड एकीकडे आणि माती दुसरीकडे हलत असेल तर ते नुकतंच पिशवीत भरलेलं आहे, ठेवून द्या. पाणी साचलेलं यालाही आवडत नाही, फक्त सायप्रसपेक्षा थोडी जास्त सवलत देतं. आणि घरात कुत्रा असेल तर त्याला पानं-फळं चघळू देऊ नका, त्रास होतो.

ख्रिसमस ट्री म्हणून विकला जाणारा अरौकारिया खाऱ्या वाऱ्यात सगळ्यात खंबीर. पण कुंडीतलं ते गोजिरवाणं रोप जमिनीत गेलं की इमारतीशी स्पर्धा करतं. त्यातला कुक पाइन तर खराच खांब. १७७४ साली कॅप्टन कुकच्या जहाजावरून न्यू कॅलेडोनियाजवळ ही झाडं लांबून दिसली, तेव्हा ते दगडी स्तंभ असावेत असं काहींना वाटलं होतं. गंमत म्हणजे तो सरळ उभाही राहत नाही. जगभरातल्या कुक पाइनचा कल मोजून २०१७ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की ही झाडं विषुववृत्ताकडे कलतात, सरासरी साडेआठ अंश. म्हणजे ठाण्यात दक्षिणेकडे. दक्षिणेला कोणाची गच्ची आहे ते आधी बघा. शेंडा तोडून उंची रोखायचा विचारही नको, झाडाचा आकार कायमचा बिघडतो. सोसायटीच्या मोकळ्या मैदानात लावा, घराच्या भिंतीशी अजिबात नको.

"मग सरळ अशोकच लावतो," असं मामेभाऊ मध्येच म्हणाला. गेटवरचा तो उंच लोंबत्या पानांचा खोटा अशोक सूचिपर्णी नाही, पण काम तेच करतो, पटकन वाढतो, पावसाला आपल्यापेक्षा जास्त ओळखतो. फक्त फळांच्या दिवसांत वटवाघळं येतात आणि सकाळी पांढऱ्या गाडीवर त्याचा पुरावा असतो.

जमिनीत लावणार असाल तर आणखी एक. झाड मोठं झाल्यावर 'नको' म्हणता येत नाही. १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे ते तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, स्वतःच्या अंगणातलं असलं तरी.

मामेभावाला मी एक काम दिलं होतं. दीड फूट खड्डा खणायचा, दोन बादल्या पाणी ओतायचं आणि सकाळी बघायचं. त्याचा फोटो आला. बिल्डरचा भराव, मुरूम आणि फुटक्या टाइल्स, आणि खड्ड्यात अर्ध्यापर्यंत पाणी, त्यात एक बेडूक. दोन ड्रम, तळाला भोकं, विटांवर ठेवून पोडोकार्पस, असं ठरलंय. बेडकाचं काय करायचं, ते तो विचारतोय.