‘सत्य हरिश्चंद्र’: कृष्णधवल बघावा की रंगीत?

कन्नड नट राजकुमार यांचा ‘सत्य हरिश्चंद्र’ हा कन्नड सिनेमा एकदा तरी बघायचाच, असं ठरवलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: कोणता? १९६५ चा मूळ कृष्णधवल आहे, आणि एप्रिल २००८ मध्ये थिएटरांत आलेला रंगीतही आहे. मी दोन्ही पाहिलेत. माझं कन्नड बेळगावात वाढलेल्या माणसाचं, म्हणजे ऐकलेलं सगळं कळतं आणि बोलायची वेळ आली की पंचाईत.

आधी एक सावधगिरी. नुसतं नाव आणि १९६५ हे साल घालून शोधलंत तर एन. टी. रामारावांचा तेलुगू ‘सत्य हरिश्चंद्र’ही समोर येईल. के. व्ही. रेड्डींनी तो स्वतः दिग्दर्शित केला आणि त्याच वेळी कन्नडची निर्मिती करून दिग्दर्शन हुणसूर कृष्णमूर्तींकडे दिलं. दोन्ही कृष्णधवल, दोन्हीत मुकुट आणि दाढ्या. राजकुमार दिसले की आपण योग्य घरात आलो असं समजायचं.

गोष्ट आपल्याला सांगायला नको. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये हीच घेतली आणि १९३२ मध्ये ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला तोही हीच गोष्ट. फक्त नावं जरा वेगळी लागतात. आपली तारामती तिकडे चंद्रमती होते, रोहिदास लोहिताश्व होतो, आणि राजाला विकत घेणारा डोंब वीरबाहू असतो. नक्षत्रिक मात्र आपल्याकडे कुणाला माहीत नाही. विश्वामित्राच्या वतीने राजाच्या मागे हात धुऊन लागलेला हा वसुलीवाला. कर्नाटकात पिच्छा न सोडणाऱ्या माणसाला आजही नक्षत्रिक म्हणतात. गोष्टीचं हे कन्नड वळण जुनं आहे. तेराव्या शतकाच्या सुमारास राघवांक या कन्नड कवीने षट्पदी छंदात हरिश्चंद्रावर अख्खं काव्य रचलं, त्याच मुशीतला हा सिनेमा. नरसिंहराजूंचा नक्षत्रिक कुठल्याही प्रतीत बघा, हसू येणारच. तिथे रंगाने काही फरक पडत नाही.

आता फरक कुठे पडतो ते बघू.

रंगीत प्रत तयार करताना मूळ चित्रातला उजेड-अंधार बहुतेक तसाच ठेवतात आणि त्यावर रंग चढवतात. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला १,४४०. काही नेमक्या चौकटींमध्ये शेला कुठल्या रंगाचा, भिंत कुठल्या रंगाची हे माणसं ठरवतात. मधल्या चौकटींत संगणक ते रंग पुढे ओढतो. ‘मुगल-ए-आझम’ आणि ‘नया दौर’ यांच्यानंतर असं रंगवलेला हा भारतातला तिसरा सिनेमा, आणि दक्षिणेतला पहिला. त्या काळच्या अशा कामाचा ठरलेला दोष इथेही जाणवतो. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर एकाच डब्यातली पावडर फासल्यासारखी दिसते. ऋषीही गोरेगोमटे, राजाही गोरागोमटा.

पण पहिला भाग, म्हणजे इंद्राची सभा, अयोध्येचा दरबार, नाचगाणी, हा रंगात खुलतो हे मी आढेवेढे न घेता मान्य करतो. पौराणिक सिनेमाचं आणि देवादिकांच्या कॅलेंडरांचं नातं जुनंच आहे. भडक पितांबर आणि निळं आकाश तिथे खटकत नाही. उलट कृष्णधवलमध्ये दरबारातली गर्दी मुलांना एकमेकांत मिसळलेली वाटते, ती रंगात सुटी होते. वसिष्ठ कोण आणि विश्वामित्र कोण, हे विचारायची पाळी येत नाही.

काशीला पोचलो की पारडं फिरतं. कृष्णधवल सिनेमात कॅमेरामन रंगावर विसंबूच शकत नाही. माणूस मागच्या अंधारापासून वेगळा काढायचा तो फक्त दिव्याने. म्हणून श्मशानातली रात्र, चिता, खांद्यावर काठी घेतलेला राजा, हे सगळं उजेडाने कोरलेलं असतं. सर्पदंशाने गेलेल्या मुलाला घेऊन चंद्रमती येते आणि राजा तिच्याकडे दहनाचा कर मागतो, तिथे पंढरीबाई आणि राजकुमार यांचे चेहरे एवढंच बघायचं असतं. राजकुमार गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीतून आलेले. दरबारात आवाज चढवतील, पण इथे ओठसुद्धा जेमतेम हलतात. रंगीत प्रतीत याच ठिकाणी माझी नजर साडीच्या रंगाकडे गेली, आणि मला स्वतःचाच राग आला.

‘कुलदल्लि कीळ्यावुदो’ हे गाणं अधल्यामधल्या ठिकाणी बसतं. कुळात हलकं कोणतं रे वेड्या, असं राजाला विकत घेणारी माणसंच विचारतात, आणि घंटसालांच्या आवाजात ते असं काही चढतं की पडद्यावर रंग आहे की नाही हे विसरायला होतं. आवाजाच्या बाबतीत मात्र रंगीत प्रत सरळ पुढे आहे. मूळ आवाज एकाच वाहिनीचा, आणि जुन्या प्रतींत त्याला खरखर लागलेली असते. नवीन आवृत्तीला डीटीएस, म्हणजे अनेक वाहिन्यांचा, आवाज दिला. घरात चांगले स्पीकर असतील तर हा मुद्दा हलका समजू नका.

आणखी एक तपासून बघा. जुन्या सिनेमाचं चित्र जवळजवळ चौकोनी असतं. ते रुंद पडद्यावर भरायचं म्हटलं की वरून-खालून कापावं लागतं. हाती आलेल्या प्रतीत मुकुटांचे कळस कापलेले दिसले तर ती सोडा, रंगीत असो वा नसो.

मग निवड? घरात मुलं आणि आजी-आजोबा एकत्र बसणार असतील तर रंगीत. एकट्याने बघणार असाल, किंवा राजकुमार कोण होते हे समजून घ्यायला बघणार असाल, तर कृष्णधवल. मात्र जुनी प्रत धुरकट, ओरखड्यांनी भरलेली मिळाली तर हट्ट धरू नका. रंगवण्याआधी धूळ आणि ओरखडे काढावेच लागतात, त्यामुळे स्वच्छ चित्र रंगीत प्रतीतच मिळायची शक्यता जास्त.

त्यावर माझी एक युक्ती आहे. रंगीत प्रत लावायची आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘कलर’ शून्यावर आणायचा. रंगवताना थोडाफार उजळपणा बदललेला असतो, त्यामुळे हे तंतोतंत मूळ चित्र नव्हे. पण ओरखड्यांशिवायचा कृष्णधवल हरिश्चंद्र घरबसल्या मिळतो. गेल्या खेपेला मी राज्य जाईपर्यंत रंग ठेवला आणि काशीचा घाट दिसल्यावर रिमोट उचलून सगळा उतरवला. सासूबाई म्हणाल्या, “अहो, टीव्ही बिघडला वाटतं.” मी काही बोललो नाही. चंद्रमती मुलाला घेऊन श्मशानात आली तेव्हा त्या टीव्हीचं विसरून गेल्या होत्या.