जुना फायर हायड्रंट घ्यायचा तर कोणता? ड्राय बॅरल, वेट बॅरल आणि जमिनीखालचा ब्रिटिश प्रकार

अमेरिकेतल्या शहरांनी बदलून काढलेले बिडाचे जुने फायर हायड्रंट, म्हणजे आग विझवताना होज (पाण्याची लवचिक नळी) जोडून पाणी घेण्याचे रस्त्याकडेचे खांब, लिलावात आणि भंगार व्यापाऱ्यांकडे विक्रीला येतात. ते घेणारे बहुतेक लोक रंग, घुमटाकार टोपी आणि अंगावरची नक्षी बघून निवड करतात. माझ्या मते मात्र निवडीचा पहिला निकष वेगळा असायला हवा, आणि तो म्हणजे पाणी अडवणारी झडप नेमकी कुठे बसवली आहे. हायड्रंटची उंची, जाडी, वजन, तोंडांची रचना आणि वरचा नट या सगळ्या गोष्टी त्या एका निर्णयातून आलेल्या आहेत. शिवाय घरी आणलेली वस्तू पूर्ण यंत्र आहे की त्याचा केवळ वरचा तुकडा, हेही त्यावरूनच ठरते.

हा निर्णय प्रथम कसा घेतला गेला, हे फिलाडेल्फियात स्पष्ट दिसते. त्याआधीची पद्धत अशी होती की आग लागली की रस्ता खणायचा, लाकडी नळाला भोक पाडायचे, खड्ड्यात साचलेले पाणी उपसायचे आणि काम झाल्यावर भोकात लाकडी खुंटी ठोकायची. 1801 मध्ये फिलाडेल्फियात लाकडी नळांतून सार्वजनिक पाणीपुरवठा सुरू झाला आणि त्याच सुमारास तिथले अभियंते फ्रेडरिक ग्राफ यांनी उभ्या खांबाचा हायड्रंट तयार केला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्या पहिल्या रचनेत झडप वरच्या भागात होती आणि खांबात पाणी कायम भरलेले असे. थोड्याच काळात सुधारलेली रचना आली आणि तिच्यात झडप खाली गेली. वॉशिंग्टनच्या पेटंट कार्यालयात 1836 मध्ये लागलेल्या आगीत त्या काळातली पेटंटे जळून गेली, त्यामुळे या शोधाचा मूळ दस्तऐवज हाती लागत नाही. आग विझवण्याच्या साधनाचा इतिहास आगीतच नाहीसा व्हावा, याची अभ्यासकाला हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

झडप खाली नेण्यामागचे कारण थंडी हे होते. पाणी गोठले की फुगते आणि बीड ठिसूळ असल्यामुळे भरलेला खांब तडकतो. म्हणून ड्राय बॅरल, म्हणजे कोरड्या खांबाच्या, प्रकारात मुख्य झडप जमीन जिथपर्यंत गोठते त्या पातळीच्याही खाली, थेट मुख्य नळाजवळ बसवलेली असते आणि वरच्या नटापासून एक लांब दांडा तिथपर्यंत जातो. मिनेसोटासारख्या राज्यात नळ सात-आठ फूट खोल टाकलेले असतात, त्यामुळे तिथल्या हायड्रंटचा जमिनीखालचा भाग दिसणाऱ्या भागाच्या दुपटीहून मोठा भरतो. बहुतेक रचनांत झडप दाबाविरुद्ध खाली ढकलून उघडावी लागते आणि एरवी पाण्याचा दाबच तिला घट्ट बंद ठेवतो. एखाद्या गाडीने वरचा खांब तोडला तरी रस्त्यावर पाण्याचा लोट उसळत नाही, तो यामुळेच.

या प्रकारातला सर्वांत बुद्धिमान भाग मात्र मुख्य झडप नसून तिच्या शेजारचे निचऱ्याचे छोटे छिद्र आहे. मुख्य झडप बंद झाली की ते उघडते आणि खांबात उरलेले पाणी बुडाशी भरलेल्या खडीत झिरपून जाते. मुख्य झडप पूर्ण उघडली की ते बंद होते. म्हणूनच ड्राय बॅरल हायड्रंट अर्धवट उघडा ठेवू नये असे अग्निशमन दलात शिकवले जाते, कारण तसे केल्यास दाबाखालचे पाणी त्या छिद्रातून बाहेर पडत राहते आणि पायाखालची माती वाहून नेते. जुन्या नमुन्यांत या झडपांना चामड्याची चकती असे आणि पुढे तिची जागा रबराने घेतली. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय शहराच्या लडलो कंपनीने निराळा मार्ग धरला होता. तिच्या हायड्रंटमध्ये बुडाशी दाबून बसणाऱ्या चकतीऐवजी सरकणारे फाटक असे. यंत्ररचनेची आवड असणाऱ्याला लडलोचा पूर्ण नमुना मिळाला तर तो सोडू नये.

अडचण अशी की पूर्ण नमुना फारसा मिळत नाही. खोदकामाचा खर्च वाचवण्यासाठी किंवा वाहतूक सोपी व्हावी म्हणून बाजारात येणारे अनेक ड्राय बॅरल जमिनीलगत कापलेले असतात. म्हणजे झडप, निचऱ्याचे छिद्र, चामडी चकती, थोडक्यात ज्या कारणासाठी ही रचना जन्माला आली ते सगळे, खड्ड्यातच राहिलेले असते. उरतो तो एक देखणा पोकळ खांब. केवळ शोभेसाठी हवा असेल तर तो चालेल, पण त्याला पूर्ण हायड्रंटची किंमत देऊ नये. पूर्ण लांबीचा घ्यायचा तर त्याचे वजन दोन-तीन माणसांना उचलण्याजोगे नसते, त्यामुळे उचलण्याचे यंत्र आणि पक्की फरशी यांची सोय आधी करावी लागते.

वेट बॅरल, म्हणजे कायम पाणी भरलेला खांब, हा उबदार प्रदेशाचा प्रकार आहे आणि त्याची खरी भूमी कॅलिफोर्निया. जिथे जमीन गोठत नाही तिथे झडप पुरण्याची गरज नसते. त्यामुळे पाणी थेट तोंडापर्यंत भरलेले असते आणि प्रत्येक तोंडाला स्वतंत्र झडप असते. एका तोंडातून पाणी चालू असताना ते न थांबवता दुसरा होज जोडता येतो, ही सोय ड्राय बॅरलला सहजासहजी मिळत नाही. आपल्याकडे मोठ्या सोसायट्यांच्या आणि कारखान्यांच्या आवारात लाल नळाच्या टोकाशी जो हायड्रंट व्हॉल्व्ह असतो, त्याचे तत्त्वही हेच आहे. दोष उघड आहे. गाडी धडकली आणि खाली पाणी रोखणारी सुरक्षा झडप नसली, तर फवारा थेट आकाशात जातो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रीनबर्ग फाउंड्रीचे जुने हायड्रंट संग्राहकांना विशेष प्रिय आहेत आणि त्या शहराच्या इतिहासात हायड्रंटला मानाचे स्थान आहे. 1906 च्या भूकंपात शहरभर आगी भडकल्या आणि मुख्य नळ फुटल्यामुळे शहरातले बहुतेक हायड्रंट कोरडे पडले, पण चर्च स्ट्रीट आणि विसाव्या रस्त्याच्या कोपऱ्याजवळच्या एका हायड्रंटमधून पाणी येत राहिले आणि शहराच्या मिशन भागाचा बराचसा हिस्सा आगीतून वाचला. दरवर्षी 18 एप्रिलला त्याला आजही सोनेरी रंग दिला जातो. संग्राहकाच्या दृष्टीने वेट बॅरलचा मोठा गुण म्हणजे त्याची सगळी यंत्रणा जमिनीच्या वर असते. तो बुडाच्या बोल्टपासून सुटा केला की हाती येते ते पूर्ण यंत्र. झडपा उघडून, साफ करून, वंगण घालून पुन्हा फिरत्या करता येतात. जागा मर्यादित असेल आणि कापलेला नमुना नको असेल, तर मी वेट बॅरलच सुचवेन.

ब्रिटिश प्रकाराबद्दल थोडक्यात सांगता येईल. तिथे हायड्रंट रस्त्याखालच्या खड्ड्यात झाकणाखाली असतो आणि जवान त्यावर उभा नळ चढवून पाणी घेतात. वर दिसते ती भिंतीवरची किंवा छोट्या खांबावरची पिवळी पाटी. तिच्यावरच्या ‘एच’ अक्षरासोबतचा वरचा आकडा नळाचा व्यास सांगतो आणि खालचा आकडा हायड्रंटपर्यंतचे अंतर. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला जुनी बिडाची पाटी आणि झाकण ठेवणे सोपे जाते, मात्र रचनेचा विकास त्यातून फारसा वाचता येत नाही.

प्रकार ठरला की तोंडे आणि आटे बघावेत, कारण काळ ओळखण्याची खूण तिथे असते. अमेरिकी हायड्रंटवर अडीच इंचांच्या दोन तोंडांबरोबर जे एक मोठे तोंड दिसते, ते वाफेवर चालणाऱ्या बंबांची तहान भागवण्यासाठी आले. ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहराने 1853 मध्ये असा बंब नियमित सेवेत आणला आणि तिथून या वापराला वेग आला. फेब्रुवारी 1904 मध्ये बाल्टिमोर शहर जळत असताना वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कहून मदतीला आलेल्या दलांचे होज तिथल्या हायड्रंटला बसेनात, कारण प्रत्येक शहराचे आटे वेगळे होते. त्यानंतर अडीच इंचांच्या तोंडाला इंचामागे साडेसात आटे हे राष्ट्रीय मानक पुढे आले, तरी अनेक शहरांनी जुने आटे सोडले नाहीत. म्हणून तोंडांची मूळ टोपणे हरवलेला हायड्रंट स्वस्त मिळाला तरी विचार करावा, कारण न जुळणाऱ्या आट्यांचे टोपण शोधणे हे हायड्रंट शोधण्यापेक्षा अवघड होऊन बसते. वरचा पंचकोनी नट झिजलेला नाही ना, हेही पाहावे. साध्या पान्याने कोणी खोलू नये म्हणून तो पाच बाजूंचा केला गेला आणि नेमका चुकीच्या पान्यांनीच तो गोल झालेला आढळतो.

जुन्या रंगाच्या थरांत शिसे असण्याची शक्यता मोठी असते, त्यामुळे घरात कोरडे घासकाम करू नये. ते काम जाणकार कारागिराकडे द्यावे. हायड्रंट ही मुळात सार्वजनिक मालमत्ता आहे, तेव्हा शहराने तो रीतसर विकल्याचा कागद विक्रेत्याकडून घ्यावा. आणि घरी आणल्यावर तो रस्त्यालगत उभा करू नये. रात्रीच्या धुरात आणि घाईत जवान त्याला खरा समजून होज जोडू लागले तर मोलाचा वेळ जातो, म्हणून त्याची जागा मागच्या अंगणात किंवा घराच्या आत असावी.