शिपाईमामा घरी गेले की केबिनचा दिवा जातो : ऑफिस ‘हरित’ केल्यानंतरचे नऊ महिने

१९ तारखेच्या रात्री पावणेनऊला केबिनमधला दिवा पुन्हा गेला. वीज होती, एसी चालू होता, पॅसेजही काळोखात. उद्या जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं विवरणपत्र, भरायचं आणि आम्ही दोघं मोबाइलच्या उजेडात आकडे जुळवतोय. त्या रागातच हे लिहायला घेतलं.

ऑफिस ठाण्यात, वागळे इस्टेटला, तिसऱ्या मजल्यावर. साडेनऊशे फूट, कर सल्लागाराचं, म्हणजे माणसं कमी आणि फायली जास्त. सगळं पाडून नवं करायचं की आहे ते वापरून सुधारायचं, यात मी दुसरं निवडलं. पर्यावरणाचं प्रेम म्हणालो तर घरचे हसतील. सागवानी दारं भंगारात द्यायला हात धजेना, एवढंच खरं. दारं घासून पॉलिश केली, लोखंडी कपाटं रंगवली, केबिनची जुनी काच तशीच ठेवली. राडारोडा जेमतेम एक टेम्पो निघाला. शेजारच्या गाळ्यातून त्याच महिन्यात चार गेले. कमी वासाचा रंग लावल्यामुळे तिसऱ्या दिवशी कामाला बसलो, कुणाचं डोकं दुखलं नाही.

विजेबद्दल तक्रार नाही. बावीस ट्यूब होत्या, चोकसकट प्रत्येकी अठ्ठेचाळीस वॅटच्या आसपास. आता वीस वॅटच्या एलईडी. दहा तास, पंचवीस दिवस धरले तर महिन्याला दीडशे युनिट वाचतात. कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी पंख्यांचे वेगळे. जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो म्हणून त्या भंगारवाल्याला न देता ई-कचऱ्यात दिल्या. त्यासाठी मात्र दोन फेऱ्या माराव्या लागल्या.

आता केबिनचा दिवा घालवणारा तो सेन्सर. किंमत १,८५० रुपये. माणूस नसला की दिवा बंद करतो म्हणे. केबिनमध्ये वीस वॅटच्या दोन पट्ट्या. रोज दोन तास उगाच जळल्या तरी महिन्याला दोन युनिट. युनिटला पंधरा रुपये धरा, झाले तीस. म्हणजे पैसे वसूल व्हायला पाच वर्षं! हा हिशेब मी कामाआधी करायला हवा होता, आणि मी हिशेबाचाच धंदा करतो.

ठेकेदाराला तीनदा फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, “सर, तुम्ही लोक हलतच नाही.” दुसऱ्यांदा माणूस पाठवला, त्याने पाच मिनिटांचा टायमर पंधरा मिनिटांवर नेला आणि सहाशे रुपये व्हिजिटचे घेतले. तिसरा फोन उचललाच नाही. तेव्हापासून दिवा गेला की आम्ही फायली हलवतो. कधी येतो, कधी नाही.

(पुढचं दोन दिवसांनी लिहितोय.) ठेकेदाराला जरा जास्तच बोललो. आमचे एक अशील इंजिनिअर आहेत. त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, “सेन्सर काचेच्या बाहेर का?” हा सेन्सर हलत्या शरीराची उष्णता टिपतो आणि साधी काच ती उष्णता अडवते. आम्ही आत नाचलो तरी त्याला काही दिसत नाही. दिवसभर दिवा टिकायचा तो शिपाईमामा चहा घेऊन पॅसेजमधून जात-येत असायचे म्हणून. सहाला मामा कळव्याची रिक्षा धरतात, त्यानंतर आमची अमावास्या.

सेन्सर बाहेर का लावला? छतातला जुना पॉइंट तिथे होता. नवा काढायचे पैसे कशाला, जुनाच वापर, असं सांगणारा मीच. तरी काच मध्ये आहे हे ठेकेदाराला दिसायला हवं होतं की नाही? सहाशे रुपये मी अजून विसरलेलो नाही.

संडासातला सेन्सर मात्र उत्तम. तिथे दिवा रात्रभर जळत राहायचा, ते बंद झालं. तेवढा घ्या.

केबिनचा आत हलवायचे १,४०० मागितलेत. तूर्त संध्याकाळी दाराला खुर्ची लावून ते उघडं ठेवतो, म्हणजे दारातून हात बाहेर काढला की सेन्सरला दिसतो. एसीची थंड हवा पॅसेजमध्ये जाते. पंचतारांकित इन्व्हर्टर आहे, २४ वर लावलेला. या महिन्याचं बिल अजून यायचंय.